शेवयांची काठी

आखाडा बाळापूर ओलांडलं अन नांदेडच्या रस्त्याला लागलं की उजव्या हाताला शिवकन्याचा पंप लागतो. पंप कंपनीचा, पण दहा गावचे लोक त्याला शिवकन्याचा पंपच म्हणतात. कारण एकच. तिनं मशीनजवळ स्टुलावर पाच लिटरचं, सरकारी शिक्क्याचं माप कायम मांडून ठेवलेलं. ज्याला शंका येईल त्यानं त्यात डिझेल घ्यावं, रेघेशी डोळा लावावा, अन थेंब जरी कमी निघाला तर टाकी फुकट भरून न्यावी. आठ वर्षांत एकाची टाकी फुकट भरली न्हाई. हट्टा गावचा एक माणूस तर भिंग घेऊन आला होता म्हणे. बघून बघून त्याचा डोळा लिंबाएवढा सुजला, माप काही हललं न्हाई.

हे भिंगाचं शिवकन्याची सासू सांगते, म्हणून किती धरायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं.

सासूचं नाव धुरपताबाई. शिवकन्या तिला आत्या म्हणायची. घर पंपाच्या मागंच, हाकेच्या अंतरावर, शेतात. सकाळी चूल आवरली की धुरपताबाई येऊन पंपाच्या हापिसासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसायची. पोरी गाड्यात डिझेल भरायच्या अन ही गाडीवाल्याच्या कानात गोष्टी भरायची. तिच्या माहेरची म्हैस इतकी उंच होती की धार काढायला शिडी लावायचे. ट्रकवाले हसायचे, चहा प्यायचे, पुढच्या खेपेला वाट वाकडी करून परत यायचे. शिवकन्या कपाळाला हात लावायची, पण अडवायची न्हाई. गिऱ्हाईक येत होतं ना.

तर मार्च महिना. हळदीचा ऐन मोसम. रानोरान हळद काढून झालेली, ती शिजवायच्या कढया पेटलेल्या, बाळापूरच्या वाऱ्याला सुद्धा हळदीचा वास. शिवकन्याचा नवरा सोनाजी आठ दिवस झाले कढईपाशीच मुक्कामाला. शिजवलेली हळद वाळली की ती ट्रॅक्टरवर चालणाऱ्या ढोलात घालून घासायची, अन ट्रॅक्टरला डिझेल लागतं. पंपावर दिवसाला तीन हजार लिटर खपत होतं.

अन अशात रविवारी सकाळी हापिसातला पडदा काळा पडला.

त्या पडद्यावर सगळं दिसायचं. जमिनीखालच्या टाकीत किती डिझेल हाये, किती गेलं, किती लागल. टाकी रिकामी व्हायला आली की तोच पडदा आपला आपण डेपोला कळवायचा अन टँकर दारात. शिवकन्यानं प्लग काढून घातला, थापट मारली. काही न्हाई. डेपोला फोन लावला तर तिथं बी तेच. सगळ्या देशातल्या कंपनीच्या पंपांवर तेच.

पंपाचं सगळं बघणारा प्रेमानंद पेपर वाचणारा माणूस. त्यानं समजावून सांगितलं.

"ताई, तिकडं समुद्रापलीकडच्या देशांनी आपल्या कंपनीवर बंदी घातली. त्यांचं एका दुसऱ्याच देशासंगं भांडण. आपल्या कंपनीत त्या देशाचा वाटा हाये, कच्चं तेल बी तिथून येतं. मग यांनी हुकूम काढला, या कंपनीसंगं आपल्यातल्या कुणीच व्यवहार करायचा न्हाई. अन आपला हा कॉम्प्युटरचा प्रोग्राम त्यांच्यातल्याच एका कंपनीचा. त्यांनी तिकडून बंद करून टाकला."

"पण आपण तर आपल्या सरकारच्या परवान्यावर विकून राहिलो. तेल शुद्ध होतं ते बी इथंच. आपल्याला तिकडच्यांचा कायदा काहून?"

"आपलं सरकार बी तेच म्हणतंय. आपण काहीच चूक केली न्हाई. पण खोली आपली असली तरी किल्ली त्यांच्या खिशात होती ना."

सहा वर्षं शिवकन्या त्या पडद्याकडं बघून पंप चालवत होती, अन किल्ली आपल्याकडं न्हाई हे तिला कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

डेपोतले साहेब हरिचंद यांनी फोनवर मार्ग काढला. मशीन हाताच्या चावीवर चालवा. नोझलवरचा आकडा सकाळ-संध्याकाळ कागदावर उतरवा. टँकरचं आम्ही फोनवर बघतो. प्रेमानंदानं रविवारचा पडद्यावरचा शेवटचा आकडा आठवून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिला, टाकीत अठरा हजार लिटर. अन पंप चालू राहिला.

पण बंदी हा शब्द पंपाच्या आवारात थोडाच राहतो. सोमवारपर्यंत तो बाजारात पोचला, मंगळवारी मोबाइलवर फिरायला लागला. बुधवारी सुदाम आला. हळदवाला माणूस, चार एकर हळद, ट्रॅक्टर स्वतःचा. ट्रॅक्टर त्यानं रस्त्यावरच उभा केला अन पायी आत आला.

"मावशी, तुमच्या पंपावर डिझेल भरलं की फोन बंद पडतो म्हनं. बँकेतलं खातं बी."

धुरपताबाईनं पदराच्या गाठीतून बटनाचा फोन काढून त्याच्या हातात दिला. "हे घे. पंपाची मालकीन माझी सून. म्हंजे सगळ्यात आधी माझाच बंद पडाया पायजे. लाव कुनालाबी."

सुदामनं घरी लावला. लागला.

"तरी बंदी तर हाये ना?"

"हाये की. ती माझ्यामुळंच हाये," धुरपताबाई म्हणाली. "तिकडचा मोठा सायब इमानातून चालला व्हता. खाली बघितलं तर माझ्या अंगनात शेवया वाळत घातलेल्या. केसावानी बारीक, अन नांदेडपातुर लांब. त्यानं निरोप धाडला, दोन किलो द्या. म्या म्हनलं, लेकीला दिल्या, सोयऱ्याला दिल्या, तुला काहून देऊ? तवापासून फुगलाय."

सुदामला हसू आवरलं न्हाई. ट्रॅक्टर आत घेतला. त्याच्या मागून आणखी दोन आले. शिवकन्यानं आतून बघितलं अन तिला वाटलं, या बाईची जीभ आहे तोवर तिकडचे साहेब काय करणार.

गुरुवारी मात्र जिभेनं भागणारं काम नव्हतं.

सकाळी दहाला हरिचंद साहेबांचा फोन. "शिवकन्याताई, बारा हजारचा टँकर तुमच्या रस्त्याला निघतोय. पण पडदा बंद, म्हणजे टाकीत जागा किती ते मला दिसत नाही. जुन्या रिवाजानं डिपची काठी टाकून मोजा अन बाराच्या आत कळवा. पुरी बारा हजारची जागा असली तरच पाठवतो. आज हुकलं तर तुमची पाळी थेट पुढच्या गुरुवारी. काय करू, सगळं हातानं चाललंय."

डिपची काठी म्हणजे धातूची लांब पट्टी. टाकीत उभी सोडायची, डिझेलची ओल कुठपर्यंत आली तिथला आकडा वाचायचा, अन तक्त्यात बघायचं किती लिटर. रोज सकाळी ती टाकायची असते. पण पडद्यावर आकडा झळकत असताना टाकीच्या भोकात काठी कोण घालणार? सहा वर्षं कुणी घातली न्हाई.

"काठी कुठं हाये?" शिवकन्यानं विचारलं.

प्रेमानंद चार वर्षांपूर्वी लागलेला. "मी तर कधी बघितलीच न्हाई ताई."

हापिस धुंडाळलं, जनरेटरच्या मागं बघितलं. मग एकदम शिवकन्याच्या डोळ्यापुढं घराचं अंगण आलं. ती चालत सुटली. अंगणात दोन खांबांच्या मधोमध आडवी एक चकचकीत काठी, अन काठीवर ओळीनं लोंबणाऱ्या शेवया.

"आत्या, ही पंपाची काठी."

धुरपताबाई मागोमाग आली होती. "रिकामी पडली व्हती बाई. लाकडाच्या काठीला शेवया चिकटत्यात. हिच्यावरून कशा सुळकन निघत्यात बघ."

शेवया परातीत उतरवल्या. काठीला वर्षावर्षांचं पीठ बसून घट्ट झालेलं, आकडे बुजलेले. शिवकन्या काठी खांद्यावर टाकून निघाली. धुरपताबाई मागून काहीतरी बोलणार होती, पण बोलली न्हाई. ही गोष्ट शिवकन्याच्या ध्यानात यायला पाहिजे होती. ती बाई बोलायची थांबते तेव्हा कावळे सुद्धा फांदी बदलतात.

पंपावर सुदाम आला होता, आणखी चार-पाच जण होते. ढोल चालू ठेवायला सगळ्यांना डिझेल पाहिजे. प्रेमानंदानं टाकीचं झाकण काढलं. काठीच्या बुडाला त्यानं पाणी ओळखायची पेस्ट लावली. टाकीत पाणी शिरलं असलं तर ती रंग बदलते. काठी आत गेली, बुडाला टेकली, वर आली. ओलीच्या रेघेपाशी त्यानं नखानं पीठ खरवडलं.

"नव्वद."

तक्त्यात नव्वदच्या पुढं होतं पावणेनऊ हजार लिटर. टाकी वीस हजारची. बारा हजारला जागा न्हाई.

"पुन्हा टाका," शिवकन्या म्हणाली. पुन्हा नव्वद.

मग प्रेमानंद कॅलेंडरकडं गेला, कागद बघितला, अन त्याचा चेहरा उतरला. तो तिला बाजूला घेऊन हळू बोलला, पण पंपावर हळू बोललेलं सगळ्यात आधी ऐकू जातं.

"ताई, रविवारी अठरा होतं. नोझलच्या आकड्यानं आपण बारा हजार विकलं. टाकीत सहा उरायला पाहिजे. पावणेनऊ कसं?"

"पाणी?"

"पेस्टचा रंग बदलला न्हाई. पाणी न्हाई."

"मग?"

त्यानं मशीनकडं बघितलं. दोघांनाही कळलं होतं. पाणी न्हाई अन डिझेल जास्त, तर मग ते लोकांच्या टाकीत गेलंच न्हाई. मशीननं बारा दाखवून सव्वानऊ सोडलं. चार दिवस शिवकन्याच्या पंपानं माप मारलं.

तिनं स्टुलावरचं पाच लिटरचं माप उचललं, नोझल आत धरलं अन मशीनवर पाच लावलं. सगळे वाकून बघत होते. डिझेल रेघेला टेकलं, बराबर, ना वर ना खाली.

"आत्ता बराबर दाखवतंय," सुदाम म्हणाला. वाईट बोलायचं म्हणून बोलला नव्हता, त्यालाच कसंतरी होत होतं. "पर काल मशीन कसं चाललं ते कुनाला ठाव वहिनी? म्या कालच ऐंशी लिटर नेलं. काठीला काय, लबाडीचं कारन न्हाई."

अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. शिवकन्यानं हरिचंद साहेबांना फोन लावला. लपवायचं तिला सुचलंच न्हाई. जे होतं ते सांगितलं.

साहेबांनी पलीकडून आकडे पुन्हा विचारून घेतले. "ताई, फरक फार मोठा आहे. शे-दोनशे असता तर मी बघितलं नसतं. हे असंच राहिलं तर टँकर सोडा, पंपच बंद ठेवायला सांगावं लागेल मला. माणसं येतील, मशीन सील करतील. बारापर्यंत थांबतो. बघा काय चुकतंय ते."

फोन ठेवून ती ओट्यावर बसली. नोझलवरच्या दोन पोरी, ज्योती अन पूजा, तिच्याकडं बघत होत्या. तिकडच्या साहेबांनी बंदी घातली तेव्हा तिला राग आला होता. भीती न्हाई वाटली. बंदी त्यांची होती. पण माप तिचं होतं.

"शिवकन्ये," मागून धुरपताबाई म्हणाली. "ती काठी म्या कापली."

कुणी वळून सुद्धा बघितलं न्हाई.

"म्या कापली म्हनते ना. अंगनातल्या खांबात बसंना. इतभर जास्त व्हती. बाजारातल्या वेल्डिंगवाल्याकडं नेली अन कापून आनली."

"मावशी, आता नका," सुदाम म्हणाला. "मागं तुमीच सांगितलं, अंगनातली ती निजामाच्या मोजनीदाराची काठी हाये, तिनं गोदावरी मोजली व्हती."

"ते खोटं सांगितलं."

"अन एकदा म्हनलात, वीज पडून चांदीची झाली."

"ते बी खोटं. हे खरं हाये."

दोघंचौघं हसले. धुरपताबाई सगळ्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. सत्तर वर्षांत तिच्या म्हशीवर, तिच्या विमानावर, तिच्या लिंबाएवढ्या डोळ्यावर लोकांनी मान डोलावली होती. अन आज एक वीतभर खरं कुणी घेईना. तिच्या डोळ्यात पाणी आलं. शिवकन्यानं ते बघितलं. सासू गोष्ट सांगताना रडत न्हाई, गोष्ट ऐकणाऱ्याला रडवते, हे तिला माहीत होतं.

"आत्या, कोणत्या अंगानं कापली?"

"बारक्या आकड्याकडून."

"काहून?"

"अगं, कापायचंच हाये तर बारके कापावं. मोठे आकडे कामाला येतील म्हनलं, ते ठिवले."

प्रेमानंदानं काठी उलटी धरली अन बुडाची पेस्ट फडक्यानं पुसली. बुडाला पितळी टोपी असायला पाहिजे होती. नव्हती. करवतीचे चरे दिसत होते. घाईत सगळे ओलीची रेघ बघत होते, बुडाकडं कुणी बघितलंच न्हाई. त्यानं बुडाजवळचं घट्ट पीठ चाकूनं टोकरलं. सगळ्यात खालचा आकडा निघाला तेवीस.

"तुकडा कुठं हाये आत्या?"

धुरपताबाईनं मागच्या घराकडं बोट दाखवलं. शिवकन्यानं तिचा हात धरला अन दोघी घराकडं निघाल्या. सुदाम मागं, प्रेमानंद त्याच्या मागं, हातात काठी, मिरवणुकीसारखे. घराच्या पाठीमागं कोंबड्यांचं खुराडं होतं. खुराड्याच्या दाराला अडसर म्हणून एक चपटा धातूचा तुकडा खोवलेला, एका टोकाला पितळी टोपी.

शिवकन्यानं तो ओढला. दार उघडलं अन अकरा कोंबड्या बाहेर पडल्या. तुकड्यावर घाण होती. तिनं पदरानं पुसला. एक, दोन, तीन, असं बावीसपर्यंत. काठीच्या बुडाला लावला तर चरा चऱ्यात बसला. बावीसच्या पुढं तेवीस.

"नव्वदातून बावीस गेले तर अडुसष्ट," सुदाम स्वतःच म्हणाला. प्रेमानंदानं खिशातला तक्ता उघडला, त्याचं बोट अडुसष्टवर थांबलं.

"सहा हजार."

सुदामनं तक्ता हातात घेऊन वाचला. मग तुकडा घेतला, पुन्हा काठीला लावून बघितला. त्याला बघू दिलं शिवकन्यानं. मनात राहण्यापेक्षा बघितलेलं बरं.

"ऐंशी लिटर भरून पावले वहिनी," तो म्हणाला.

बाराला दहा कमी असताना फोन लागला. साहेबांनी सगळं ऐकलं. फोटो मागवला. काठी, तुकडा, टोपी, अन कोपऱ्यात एक कोंबडी, तिला कुणी बोलावलं नव्हतं.

"ताई," साहेबांचा आवाज जरा वेगळाच येत होता, हसू दाबल्यासारखा, "चौदा हजारची जागा आहे. टँकर सोडतो. अन त्याच्यासोबत नवी काठी पाठवतो. ती शेवयाला देऊ नका."

"पडदा कधी चालू व्हायचा साहेब?"

"तो चालू होणार नाही. आपल्याकडचीच पोरं नवा बनवून राहिलीत. तीन आठवडे म्हणतात, मी महिना धरतो. पण या वेळेला किल्ली आपल्याकडं राहील. तोवर काठी."

चार वाजता टँकर आला. अंगानं एवढा मोठा की त्याच्या सावलीत पंपावरचे सगळे ट्रॅक्टर मावले. रिकामा करायच्या आधी शिवकन्यानं नवी काठी स्वतः टाकली, सगळ्यांना दाखवून, अन आकडा मोठ्यानं वाचला. रिकामा झाल्यावर पुन्हा टाकली, पुन्हा वाचला. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सातला हा रिवाजच पडला. सात वाजता ज्याचा ट्रॅक्टर उभा असेल त्यानं पुढं यायचं, ओलीची रेघ बघायची अन आकडा फळ्यावर लिहायचा. पहिल्या दिवशी सुदामनं लिहिला. त्याचं अक्षर वाकडं, आकडा सरळ.

मोबाइलवर फिरणारी बातमी अजून फिरत होती. पण आता तिच्या मागोमाग दुसरी फिरत होती, बाळापूरच्या पंपावर गिऱ्हाईकच टाकी मोजतं. महिनाभरानं नवा पडदा आला, हिरव्या अक्षरांचा, मराठीतून बोलणारा. पडदा अन काठी यांचा आकडा रोज जुळवून बघतात. अजून तरी काठीनं पडद्याला चुकू दिलं न्हाई.

जुनी काठी शिवकन्यानं सासूला परत दिली. तुकड्यासकट. कोंबड्यांनाही दार पाहिजे ना.

परवा एक ट्रकवाला वाशीमकडून येऊन टेकला होता. धुरपताबाई खुर्चीत.

"म्या म्हनलं कापली," ती त्याला सांगत होती, "तर कुनी ऐकंना. मग खुराड्यातली थोरली कोंबडी तुकडा तोंडात धरून सव्वा कोस पळत आली अन सायबाच्या टेबलावर ठिवला."

"कोंबडी? डेपोत?"

"मग. तिला चहा पाजला त्यांनी."

ट्रकवाल्यानं शिवकन्याकडं बघितलं. तिनं मान डोलावली. कामाच्या गडबडीत डोलावली म्हणा, किंवा त्या दिवशी न डोलावल्याची भरपाई म्हणा.

नवी काठी हापिसाच्या भिंतीला दोन खिळ्यांवर आडवी हाये, साखळीनं बांधलेली, कुलपाची चावी शिवकन्याच्या कमरेला. चहाचा कप ठेवायला आत आली की धुरपताबाई काठीकडं एकदा बघते. परवा तिनं तिच्यावरून बोट फिरवलं.

"गुळगुळीत हाये," ती म्हणाली. "जराशी लांब पडल."